देवाची ओळ

शांतवन मास्तर आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते कचरा मागायला.

२०११ चा जून. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि अब्बांच्या बी-बियाण्याच्या दुकानात बसलो होतो. लोणारच्या बसस्टँडसमोर आमचं दुकान. पेरणीचे दिवस होते. बीटी कपाशीच्या प्रत्येक थैलीसोबत एक छोटं पाकीट यायचं, एकशेवीस ग्रॅमचं. त्यात साधी सरकी, बीटी नसलेली. ती शेताच्या कडेनं पेरा, असं थैलीवर छापलेलं असे. कोणी पेरत नसे. लोक मोठं पाकीट घेऊन जायचे, छोटं काउंटरवरच टाकून द्यायचे. संध्याकाळपर्यंत ढीग व्हायचा.

"गफ्फारभाई, हे फेकता काय?" मास्तरांनी अब्बांना विचारलं.

"फेकतोच ना. कोन घेते? अळीचं जेवन हाय ते."

"मंग मले द्या. मले अळीलेच जेवू घालायचं हाय."

अब्बा माझ्याकडं बघून हसले. "मोईज, दे रे मास्तरला. आदमी पढालिखा दिसते, पण बिघडला हाय."

मी ती पाकिटं एका पोत्यात भरली. पोतं त्यांच्या सायकलला बांधताना मी विचारलं, अळीला जेवू का घालायचं. ते म्हणाले, "तिनं आपल्याले खाऊ नये म्हणून." मग सांगायला लागले. अर्धा तास बोलले. त्या अर्ध्या तासात आमची मैत्री झाली. ते पन्नाशीचे होते, मी तेवीसचा.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, बरणीतल्या बेडकाचं पाणी बदलायचं. मास्तर हे नाव त्यांना त्यांच्या वस्तीनं दिलं होतं. लोणारहून मेहकरच्या बाजूला आठ किलोमीटरवर मिशनवाडी आहे. तेरा घरं, सगळी कॅथलिक. पणजोबांच्या काळात बाप्तिस्मा घेतलेली. मिशननं तेव्हा घेऊन दिलेली दोन-तीन एकर जमीन प्रत्येकाकडं. मधोमध पत्र्याच्या छपराचं चर्च. फादर महिन्यातून एकदा एसटीनं यायचे, मिस्सा करून परत जायचे. उरलेल्या रविवारी सकाळी नऊ ते दहा मास्तर उपासना चालवायचे. प्रार्थना, वाचन, एक गीत, दहा मिनिटं बोलणं आणि शेवटी दुसरं गीत.

तरुणपणी ते दोन वर्षं सेमिनरीत होते. फादर व्हायचं होतं. वडील गेल्यावर आईसाठी परत आले, लग्न केलं, शाळेत लागले. फादर होता आलं नाही याचं दुःख त्यांना होतं की नाही, मला कधी कळलं नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बरणीतला बेडूकही फादर झाला नाही. त्याचं कुठं अडलं?"

शाळेत माणसाच्या उत्क्रांतीचा एक तक्ता होता. वाकलेला वानर, मग थोडा ताठ, मग माणूस. विज्ञानाचे सर तो धडा पळवत शिकवायचे. एकदा ते मास्तरांना म्हणाले, "शांतवन, तुमच्या धर्मात हे चालत नाही ना? काढून ठेव तो तक्ता." मास्तर म्हणाले, "सर, त्याच्या दोऱ्या मीच बदलतो दर वर्षी."

हे ते दुकानात अब्बांना सांगत होते. अब्बांना मजा वाटली.

"क्या मास्तर, म्हंजे तुमचा परदादा बंदर?"

"हाव. अन् तुमचाही तोच. गफ्फारभाई, आपण सोयरे निघालो."

"तौबा तौबा. सोयरे म्हनलं की जेवू घालावं लागते."

"मी थांबतो ना. मले घाई नाही."

घाई नाही, हे त्यांचं आवडतं बोलणं. त्यांचा सगळा धर्म मला त्यात दिसायचा. आम्ही कधी कधी सरोवराच्या कडेवर जाऊन बसायचो. खाली हिरवं खारं पाणी, भोवती झाडी. ते म्हणायचे, "मातीपासून मानूस केला असं तुमच्यातही हाय, आमच्यातही हाय. माती किती वेळ मळली ते कुठंच नाही. आपण समजतो, एका दुपारी मळली. काऊन? आपल्याले घाई हाय म्हणून." एकदा म्हणाले, "हा खड्डा पडला तेव्हा बघायले इथं कोणी नव्हतं. तरी पडला. देवाचं काम आपण बघावं म्हणून होत नसते, मोईज. तो नियम देते, वेळ देते, अन् थांबते. थांबणं म्हणजेच त्याचं प्रेम."

मी नमाजात फारसा नियमित नव्हतो. पण त्या कडेवर बसून मला वाटायचं, असा देव असेल तर माझं काही म्हणणं नाही.

अळीचं त्यांनी मला सांगितलं ते असं. सगळीकडं बीटी पेरलं की बोंडअळी मरते. पण हजारात एखादी जगते. तिची पोरं तिच्यावर जातात. काही वर्षांनी सगळ्याच अळ्या तशा होतात, आणि बीटीचा उपयोग संपतो. कडेनं साधी कपाशी असली तर तिच्यात साध्या अळ्या वाढतात. त्या चिवट अळीची सोयरीक त्या साध्यांत होते. पोरं साधी निघतात आणि बीटीत मरतात.

"तक्त्यावर वानराचा मानूस व्हायले लाखो वर्ष लागली," ते म्हणाले. "इथं दहा वर्षांत होऊन राह्यलं. आपल्या डोळ्यासमोर. अन् लोक म्हणतात, उत्क्रांती कुठं दिसते?"

पुढच्या रविवारी मी मिशनवाडीला गेलो. शेवटच्या सतरंजीवर बसलो. मास्तर वेदीच्या बाजूला उभे राहिले. वेदीसमोर कधीच नाही, ती जागा फादरची. हातात ते छोटं पाकीट होतं.

"वैऱ्यावर प्रेम करा, हे आपण दर वर्षी ऐकतो," ते म्हणाले. "कसं करायचं ते कोणी दाखवत नाही. असं करायचं. अळी आपली वैरी हाय. तिले सगळीकडून कोंडलं तर ती दगड होईन. तिच्यासाठी एक ओळ सोडा. त्या ओळीत फवारू नका. तिले जगू द्या, म्हणजे ती मऊ राहीन."

भाऊराव म्हणून एक शेतकरी होता, पुढं बसलेला. तो म्हणाला, "मंग मास्तर, अळीले उपासनेले बोलावता काय आता?"

"ती येतेच भाऊराव. तुह्या सदऱ्यावर बसून येते."

सगळे हसले. भाऊरावही हसला. तेरा घरांनी पाकिटं घेतली.

वाचन-लेखन हा माझा विषय. त्या दिवशी मी सायकलवरून परत येताना विचार करत होतो की इतकं नेमकं वाक्य मी पाच वर्षांत वर्गात ऐकलं नाही. विज्ञान आणि श्रद्धा यांचा मेळ कसा घालायचा यावर लोक जाडजूड लिहितात. या माणसानं तो मेळ जमिनीत पेरला होता, शेताच्या कडेनं, एका ओळीत.

त्या ओळीला नाव जनकाबाईनं दिलं. सत्तरीची विधवा बाई, दोन एकरांची मालकीण, चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन झाडणारी. ती मास्तरांना अरेतुरे करायची, कारण लहानपणी तिनं त्यांना कडेवर घेतलं होतं. ती म्हणाली, "ही देवाची ओळ."

डिसेंबरात कापूस वेचून झाला. आमच्याकडं मग पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, उपटतात आणि वर्षभराचं जळण करतात. मिशनवाडीत सगळ्यांनी उपटली. जनकाबाईनं शेत मोकळं केलं, कडेची ओळ ठेवली.

मास्तर म्हणाले, "मावशे, ते पण काढ."

"देवाची ओळ चुलीत घालू?"

मास्तर माझ्याकडं बघून हसले. खूश दिसत होते.

दुकानात कृषी खात्याची पत्रकं यायची. एकावर लिहिलेलं होतं, फरदड घेऊ नका. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी बोंडं घेणं. त्यानं गुलाबी बोंडअळीला उन्हाळाभर आसरा मिळतो. डिसेंबरअखेर शेत रिकामं करा. हे पत्रक मीच मास्तरांना दिलं होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. घडी करून खिशात ठेवलं.

"एका बाईची एक ओळ," ते म्हणाले. "काय होते तेवढ्यानं?"

पुढच्या वर्षी डिसेंबरनंतरही तेरा घरांच्या तेरा ओळी उभ्या राहिल्या.

मग त्याचे नियम झाले. कोणी केले ते सांगता येत नाही. नवी ओळ उगवल्याशिवाय जुनी काढायची नाही, देवाची जागा रिकामी ठेवायची नाही. जुनी काढली की ती पऱ्हाटी चुलीत घालायची नाही. चर्चच्या मागं रचून ठेवायची. उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी कपाळाला राख लावतात, ती राख या पऱ्हाटीची करायची. ख्रिसमसला गव्हाणीत बाळ येशूखाली कापूस ठेवायचा तो याच ओळीचा. पुनरुत्थानाच्या रविवारी क्रुसाला बोंडांची माळ घालायची तीही यातलीच. एप्रिलच्या उन्हात सगळं शिवार काळं पडलेलं असायचं आणि मिशनवाडीच्या शेतांना पांढरी किनार असायची. मेहकरच्या गाडीतून दिसायची. लोक विचारायचे, तिकडं काय आहे?

मी एकदा मास्तरांना पत्रकाची आठवण दिली. २०१३ असेल. आम्ही त्या किनारीवरूनच चालत होतो.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. थोडं चालून मग बोलले. "वीस वर्ष मी ह्यांले गीतं शिकवली. ती दुसऱ्यानं लिहिलेली. प्रार्थना वरून आलेल्या. सणसुद्धा वरून आलेले. हे पहिलं काही त्यांनी स्वतःचं केलं. त्याले मी कात्री लावू?"

मी म्हणालो, "नका लावू."

मला ती किनार फार आवडायची. मी तेवढंच म्हणालो, पण म्हणालो.

२०१५ मध्ये गुजरातेत गुलाबी अळी बीटीवरही जगते अशी बातमी आली. मास्तरांनी ती रविवारी वाचून दाखवली. म्हणाले, आपण ओळ सोडतो, आपल्याला भीती नाही. २०१६ मध्ये कुठं कुठं बोंडं किडली. २०१७ च्या सप्टेंबरात मिशनवाडीच्या कपाशीवर फुलं उमलायची थांबली. पाकळ्या गुंडाळलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या. अशा फुलाला डोमकळी म्हणतात. ती दिसली की आत अळी आहे समजायचं. भाऊरावनं पन्नास डोमकळ्या तोडून आणल्या आणि मास्तरांच्या ओट्यावर ओतल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहिल्या वेचणीचा कापूस अर्पण करायची पद्धत होती. त्या दिवशी फादर आले होते. तरुण, नवे. मीही गेलो. तेरा घरांनी तेरा टोपल्या आणल्या. थोडा वेचलेला कापूस, वर आठ-दहा हिरवी बोंडं. टोपल्या वेदीवर ठेवल्या. पांढरं इस्त्रीचं कापड होतं. फादर प्रार्थना म्हणू लागले. बोंडांना बारीक भोकं होती. त्यातून अळ्या बाहेर आल्या. आधी एक, मग पाच-सहा. गुलाबी. पांढऱ्या कापडावर अगदी स्पष्ट दिसत होत्या. कोणी हललं नाही. जनकाबाई उठली, पुढं गेली आणि बोटांनी एकेक अळी उचलून पदरात घेऊ लागली. तिनं एकही चिरडली नाही. फादर प्रार्थना म्हणत राहिले.

चार दिवसांनी कृषी सहायक गार्गी मॅडम आल्या. मास्तरांनीच फोन करून बोलावलं होतं. मॅडम शेतं फिरल्या. कडेच्या ओळी पाहिल्या. मग चर्चमागं गेल्या आणि रचलेल्या पऱ्हाटीसमोर उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

मास्तरांनी सांगितलं. राख, बुधवार, सगळं.

मॅडमनी एक वाळकं बोंड तोडलं, फोडलं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्यांनी नखानं त्या उघडल्या. आत अळी झोपलेली होती. दुसरं बोंड फोडलं. तिसरं. मास्तर बघत होते.

"ओळ जुलैपर्यंत उभी असते?"

"हाव. नवी उगवेपर्यंत."

"मग ही इथं, फेब्रुवारीपर्यंत?"

"हाव."

"मास्तर, अख्ख्या जिल्ह्यात अळी आली आहे. सगळ्यांचं गेलं. पण तुमच्याकडं ती वीस दिवस आधी आली." त्या वाईट हेतूनं बोलल्या नाहीत. थकलेल्या होत्या. "अळीला बारा महिन्यांचं घर मिळालं ना. अशी जागा मी अजून पाहिली नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मास्तर परीक्षानळ्या धूत होते. धुतलेल्याच पुन्हा धूत होते. म्हणाले, "फादरकडं जाऊन आलो. पापनिवेदन केलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझा दोष नाही. सगळीकडं अळी हाय. क्षमा दिली. अन् म्हणाले, लोकांले सांगू नको. त्यांचं पीक गेलं, आता विश्वासही जाईन."

"मग?"

"मंग काय. रविवारी सांगणार."

मी म्हणालो, फादर बरोबर बोलतात. त्यांनी नळी उजेडात धरली आणि आरपार बघितलं. "सांगितलं नाही तर ओळ उभी राहीन. पुढच्या वर्षी पुन्हा अळी. माझ्या खोट्यावर अळी जगन, मोईज."

तो रविवार मी विसरू शकत नाही. त्यांनी दहा मिनिटं घेतली नाहीत. दोन मिनिटांत सांगून टाकलं. ओळ पेरणं बरोबर होतं. ओळ उभी ठेवणं चूक. पऱ्हाटी रचून ठेवणं चूक. आपली अळी आपण सांभाळली.

भाऊरावनं विचारलं, "पण ओळ पेरली त्याचा फायदा तर झाला ना? तुम्ही म्हणले होते, अळी मऊ राहीन."

"नाही झाला. आपण तेरा घरं होतो. आजूबाजूले हजारो एकरात कोणी पेरली नाही. अळी तिकडंच दगड झाली."

"म्हंजे फायदा नाही. अन् नुकसान?"

"ते झालं."

"वा," भाऊराव म्हणाला.

जनकाबाई बसूनच होती. ती म्हणाली, "शांतवन, देवाले दिलेलं अळीच्या पोटात गेलं?"

"हो, मावशे."

"तुले माहीत होतं? उभी ठेवली तर असं होईन म्हणून?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पत्रक कोणी दिलं ते सांगितलं नाही. "हो. माहीत होतं."

"मंग सहा वर्ष काऊन नाही बोलला?"

ते म्हणाले, "चांगलं दिसून राह्यलं होतं."

दुसरं गीत त्या दिवशी झालं नाही.

पुढच्या रविवारी चार जण आले. त्यानंतर दोन. मेहकरला दर शनिवारी तंबूत एक पास्टर प्रार्थना घेई. टेम्पो करून मिशनवाडीचे लोक तिकडं जायला लागले. भाऊरावनं येऊन सांगितलं, "तिथं म्हणतात, मास्तरनं माकडाची शिकवण दिली म्हणून अळी आली."

"माकडाचा काय दोष त्यात?" मास्तर म्हणाले. भाऊरावला हसू आलं. मग तो हसला म्हणून चिडला आणि निघून गेला.

डिसेंबरात मास्तरांनी ओळी उपटल्या. पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा घेऊन, रोज शाळा सुटल्यावर. मी मदतीला जातो म्हणालो, तर नको म्हणाले. लोक त्यांना शेतात येऊ द्यायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बघायचे. कोणी हात लावला नाही. नऊ दिवसांत बारा ओळी झाल्या. चर्चमागची रास त्यांनी पेटवली. राख कोणी घेतली नाही.

तेरावी ओळ जनकाबाईची. ती ओळीत बसून होती.

"आधी मले उपट," ती म्हणाली.

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. तासभर तिच्याजवळ बसले. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला फोड होते, आणि ते मला म्हणाले, "ती म्हणते, देव खोटा बोलला की तू खोटा बोलला ते मले माहीत नाही. पण ओळ तर खरी हाय ना, मी पेरली. मी तिले काय सांगू?"

तिची ओळ राहिली. २०१८ ची पेरणी झाली. जुलैत नवी कपाशी वर आली आणि जुनी तिथंच उभी होती. एका सकाळी भाऊराव आणि आणखी सहा-सात जण ट्रॅक्टर घेऊन गेले. तिला विचारलं नाही. जुनी ओळ, नवी ओळ, दोन्हीवरून नांगर फिरवला. त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या शेतांना लागूनच तिचं शेत होतं.

त्या दुपारी मी मास्तरांच्या घरी होतो. ती आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"तू सांगितलं म्हणून पेरली," ती म्हणाली. "तू सांगितलं म्हणून त्यांनी मोडली. शांतवन, दोन्ही वेळी देवाच्याच घरात उभा राहून बोलला तू. देव कोणत्या वेळी बोलला?"

"मले माहीत नाही, मावशे."

"तुले माहीत नाही?"

"नाही."

ती थोडा वेळ उभी राहिली. तिला उत्तराची अपेक्षा होती असं मला वाटतं. हे नाही तर ते, कोणतंही. मग ती गेली. तिच्या पाठोपाठ काकू, मास्तरांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेल्या. ती पाणी न घेता गेली होती.

ती तंबूतही गेली नाही. चर्चमध्येही परत आली नाही. रविवारी येणारी ती शेवटची होती. पुढच्या रविवारी मास्तरांनी रिकाम्या सतरंज्यांपुढं प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यात थांबवली.

ऑगस्टमध्ये त्यांनी फादरांच्या गावी जाऊन चर्चची किल्ली त्यांना दिली. मी बरोबर होतो. फादर म्हणाले, "मास्तर, लोक येतील परत. वेळ लागतो. तुम्हीच सांगायचे, देव थांबतो म्हणून."

"हो. मी सांगायचो."

"मग?"

"मी सांगायचो की नियम अन् क्षमा एकाच हातातून येतात. अळी बदलते तो नियमही त्याचा, अन् चुकलेल्याले जवळ घेणं तेही त्याचंच. दोन्ही मिळून एक देव. हे मी शिकवत नव्हतो फादर, मले तसं दिसत होतं. तुमच्या ह्या टेबलासारखं." त्यांनी टेबलावर हात ठेवला. "आता नुसता नियम दिसते. तो तर आपलं काम बरोबर करून राह्यला. अळीची काही चूक नाही, तिनं जगायचं ते जगून घेतलं. दुसरं काही दिसत नाही. तुम्ही क्षमा दिली. मी घेतली. ती कुठं गेली ते कळत नाही."

फादर चांगला माणूस होता. त्यानं काही शिकवलं नाही. म्हणाला, "प्रार्थना करा."

"कोणाले?" मास्तरांनी विचारलं. टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

परत यायच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मला बोलायचं होतं. मी एवढं वाचलेलं आहे, मला काहीतरी सुचायला हवं होतं. तुमचा विचार खोटा नव्हता, तुम्ही फक्त एका ठिकाणी गप्प राहिलात, असं काहीतरी. पण ते खरं असूनही उपयोगाचं नव्हतं. शिवाय मीही तेव्हा गप्प राहिलो होतो. मी खिडकीतून बघत राहिलो. मिशनवाडीची शेतं आली. कडेला काही नव्हतं. आता बाकीच्यांसारखीच दिसतात.

ते गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. चर्च बंद आहे. फादरांची बदली झाली, नवे अजून आलेले नाहीत. जनकाबाई आजारी असते. मास्तर तिच्याकडं जातात, ती तोंड भिंतीकडं करते. ते थोडं बसून येतात.

दर रविवारी मी सकाळी नऊला त्यांच्याकडं जातो. त्यांनी बोलावलेलं नाही. एकदा काकू म्हणाल्या होत्या की बाकी सगळा आठवडा ते बरे असतात. रविवारी नऊ वाजले की धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभे राहतात आणि कुठं जायचं ते त्यांना कळत नाही. म्हणून मी जातो. काकू चहा देतात. आम्ही दहापर्यंत बसतो. देवाबद्दल बोलत नाही, अळीबद्दलही नाही. दहा वाजले की ते सदरा काढून खुंटीला अडकवतात. मग मी निघतो.